आईचं वय

नव्या मालिकेचा प्रोमो सगळ्यांनी पाहिला. नायकाची आई नायकापेक्षा लहान दिसते म्हणून चार दिवस हसूनही झालं. हसण्यासारखं नवं त्यात काय आहे? रीमा लागू 1958 च्या. ‘पुरुष’सारखं नाटक पेललेली ही नटी 1989 साली ‘मैंने प्यार किया’त सलमान खानची आई झाली तेव्हा एकतीस वर्षांची होती, मुलगा साडेसात वर्षांनी धाकटा. 1999 च्या ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई, तिथं अंतर तेरा महिन्यांचं. ‘अग्निपथ’मध्ये तर अमिताभ बच्चन आपल्या आईहून, म्हणजे रोहिणी हट्टंगडींहून, वयानं मोठे. कामं तिन्ही चोख, पण त्या चोखपणाआड वर्षानुवर्षं एक लबाडी खपून गेली आहे.

यावर निर्मात्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘प्रेक्षकांना हेच हवं असतं.’ हा प्रेक्षक मोठा अजब प्राणी दिसतो. कसारा लोकलला लोंबकळून तो डोंबिवलीत उतरतो, हातपाय धुतो आणि टीव्हीपुढे बसतो. मेलेली बायको दुसरा चेहरा लावून परत आली, त्याला चालतं. लग्नाची हळद तीन आठवडे वाळत नाही, चालतं. काळ्याभोर केसांत एक पांढरी बट रंगवली की बाई साठीची झाली, हेही चालतं. (या बटेवर एकदा बंदी आणा.) फक्त पन्नाशीची बाई पन्नाशीचीच दाखवली, की म्हणे तो चॅनेल बदलतो! हाच प्रेक्षक गडकरी रंगायतनला, सावित्रीबाई फुले नाट्यगृहात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात तिकीट काढून पन्नाशी-साठीच्या अभिनेत्रींची नाटकं बघतो. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग याच घरांत चाललं, रोहिणीताईंच्या जिवावर. सासू म्हणून का होईना.

अभिनयात वय बदलायचंच असतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण बदल एकाच दिशेनं का? पुरुष कलप लावून वीस वर्षं उतरवतो, बाईनं बट लावून वीस चढवायची. ‘तिनं स्वतः होकार दिला’ म्हणणाऱ्यांनी तिला दुसरी कोणती भूमिका देऊ केली होती, तेही सांगावं. बजेटचं कारण तर राहूच द्या. मालिका चालेल, आपणही बघू. आई तरुणच हवी असेल तर जरूर घ्या. फक्त मुलगा तिच्या वयाला शोभेलसा निवडा. त्याला संवाद पाठ होणार नाहीत, पण पाठांतराचा आग्रह सध्या कुठल्या सेटवर आहे?