कोरडं पडणं

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. गावाकडं काही जण तिला 'मोठी दुर्बीण' म्हणतात. तिथून तारे दिसणार नाहीत. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत लेसर सोडून गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. त्यासाठी जमीन शांत लागते. 'इथं काहीच होत नाही' म्हणून मी जो जिल्हा सोडला, तो या कामाला चालला, याची मला गंमत वाटते.

माझ्यामागून आतेभाऊ पुण्याला आला, स्पर्धा परीक्षेसाठी. शाळेत तो वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहायचा. तिसऱ्या वर्षी एका रात्री फोनवर म्हणाला, "दादा, डोकं कोरडं पडलंय. काहीच सुचंना." मी म्हणालो, "दम धर. सगळेच सोसतात." मग त्याचे फोन कमी झाले.

त्याच सुमारास मी दीर्घिकांबद्दल वाचत होतो. तारे जन्मायला थंड वायू लागतो. एखादी दीर्घिका मोठ्या समूहात ओढली गेली, की तिला समूहातल्या कोट्यवधी अंश तापलेल्या वायूतून जावं लागतं. त्याचा वारा तिचा थंड वायू ओरबाडून नेतो; गन आणि गॉट यांनी हे 1972 मध्ये मांडलं. ईएसओ 137-001 या दीर्घिकेच्या फोटोत ही लांब शेपटी दिसते. (त्या शेपटीतही काही तारे जन्मतात, हे मला फार आवडलं.)

दुसरा प्रकार जास्त गुपचूप आहे. कुणी ओरबाडत नाही, फक्त बाहेरून नवा वायू यायचा थांबतो. शिल्लक साठ्यावर तारे बनत राहतात आणि साठा संपतो. 2015 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासानं विझलेल्या दीर्घिकांच्या ताऱ्यांमधली मूलद्रव्यं तपासून म्हटलं, की बहुतेकींचं असंच झालं असावं, आणि त्याला सुमारे 400 कोटी वर्षं लागतात. म्हणजे गळा आवळला गेल्यावरही दीर्घिका बराच काळ चमकत असते. बघणाऱ्याला वाटतं, बरं चाललंय.

मग दोष कुणाचा? 'ज्याच्यात दम आहे तो कुठंही उगवतो' हे आपलं लाडकं उत्तर. ते सपशेल खोटं नाही. जड दीर्घिकेची पकड घट्ट असते, ती वायू जास्त काळ धरून ठेवते; हलकी लवकर लुटली जाते. काही तर एकट्या असूनही आतल्या कारणांनी विझतात. पण हलकं असणं हा गुन्हा कसा? आणि जड असणं ही कमाई कशी?

मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ओरबाडलेला वायू नाहीसा होत नाही. तो समूहाच्या तापलेल्या वायूत मिसळतो आणि पुढं येणाऱ्या दीर्घिकेवर वारा होऊन आदळतो. 'सगळेच सोसतात' हे वाक्य माझं नव्हतंच. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर मी रडत होतो, तेव्हा एका सीनियरनं ते मला ऐकवलं होतं.

यंदा हळदीच्या काढणीला भाऊ गावी गेला, तो परतलाच नाही. नातेवाईक म्हणतात, हरला. मी फोन करून विचारलं, लिहितोस का काही?

"दादा, हळद शिजवायचं चाललंय, कुकरपाशी उभाय. मग बोलू."

त्या रात्रीच्या वाक्याची माफी मागायची होती. ती राहून गेली.