उंदराचा पिंजरा

"आम्ही उंदराचा पिंजरा आणलाय," असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा वाईहून आईने विचारलं, "मग सापडला का?"

तिची काहीच चूक नव्हती. आपल्याकडे उंदीर पकडायच्या सापळ्यालाही पिंजराच म्हणतात. आत भाकरीचा तुकडा लावायचा आणि रात्री खट्ट आवाज झाला की समजायचं. आमचा पिंजरा मात्र तीन मजली होता, आणि त्यात राहायला दोन उंदीर आम्ही दुकानातून विकत आणले होते. हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "पैसे देऊन?"

झालं असं, की लेकीला प्राणी हवा होता. आम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर, त्यामुळे कुत्रा नको. फेरेट आणि जर्बिल पाळायला कॅलिफोर्नियात बंदी. शेवटी गाडी उंदरांवर येऊन थांबली. दोन आणले, कारण उंदीर एकटा ठेवला तर झुरतो. आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला सतत काहीतरी लागतं. लेकीने नावं ठेवली मुगी आणि मटकी.

त्याच उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी फ्रीमाँटला आली. पिंजऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाप्पाचं वाहन कोंडून ठेवलंत होय गं?" आणि अर्ध्या तासाने चहा पिताना, "आपल्या कणगीतले मी स्वतः किती मारलेत, मोजदाद नाही." दोन्ही वाक्यं तितक्याच सहजपणे. मला हसू आलं, पण नंतर वाटलं, आपण सगळे असेच आहोत. बाप्पाच्या पायाशी बसलेल्या मूषकाला हळद-कुंकू वाहतो, मुलांना उंदीरमामाच्या गोष्टी सांगतो. आणि घरात उंदीर पटापट मरून पडले की गाव सोडायचं, हे 1896-97 च्या प्लेगने मुंबई-पुण्याच्या आपल्या पणजोबा-पणज्यांना शिकवलं. मुंबई महापालिकेने तर रात्री बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारणारी माणसं पगारावर ठेवली.

पण पूजा असो वा काठी, दोन्हींतला उंदीर मोकळा असतो. तो स्वतःचं पोट स्वतः भरतो. आमच्या मुगी-मटकीचं तसं नव्हतं. त्यांचं पोट आमच्या हातात होतं. वाटी भरली की प्रश्न मिटला, असं मला वाटे. तो मिटत नव्हता. पहिल्याच महिन्यात मटकी तासन्‌तास एकाच कोपऱ्यातला गज चावत बसू लागली.

मग लेकीने दुकानातून खेळणी आणली, लाल, केशरी, चकचकीत प्लास्टिकची. दोघींनी हुंगलं आणि पाठ फिरवली. पुढे वाचनात आलं की उंदरांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे ती खेळणी आमच्याच डोळ्यांसाठी होती.

खरी खेळणी केली आईने. जुन्या सुती साडीचा तुकडा फाडून वरच्या मजल्यावर झोळी बांधली. नारळाच्या करवंटीच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या आणि ती पालथी घालून घर केलं. टॉयलेट पेपर संपला की उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीत बिनमिठाचे चुरमुरे आणि कागदाचे बोळे भरायचे, दोन्ही तोंडं दुमडायची आणि नळी कुठेतरी लपवायची. पसरट थाळीत बोटभर पाणी घालून मटारचे दाणे सोडायचे, मग दोघी पुढचे पाय बुडवून एकेक दाणा 'पकडत'. रोज नवी जागा, रोज नवी तऱ्हा. आठवड्याभरात मटकीचं गज चावणं कमी झालं.

यामागचं शास्त्र आमच्या शेजारीच घडलेलं आहे, हे नंतर कळलं. बार्टने फ्रीमाँटहून सरळ बर्कलीला जाता येतं. तिथल्या विद्यापीठात मॅरियन डायमंड, मार्क रोझेनझ्वाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर मोठ्या पिंजऱ्यात सोबत्यांबरोबर, सतत बदलणाऱ्या खेळण्यांत वाढवले आणि काही एकेकटे, रिकाम्या पिंजऱ्यात. खेळण्यांत वाढलेल्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर जाड भरला, असं त्यांनी 1964 साली प्रसिद्ध केलं. अनुभवाने मेंदू बदलतो हे त्या काळी सहज कोणी मानत नव्हतं. आज आपण मुलांच्या खोल्या पुस्तकांनी आणि खेळण्यांनी भरतो, त्यामागे या उंदरांचाही वाटा आहे. आणि हेही सांगायला हवं, की मेंदूचा थर मोजण्यासाठी दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांना मारावं लागलं होतं. मुगीची खेळणी बदलताना मला याची आठवण होते.

दुसरा एक प्रयोग ग्लेन जेन्सन यांचा, 1963 सालचा. उंदरांसमोर खाऊने भरलेली वाटी होती आणि शेजारी एक दांडी, दाबली की दाणा पडणारी. बऱ्याच उंदरांनी वाटी असूनही कितीतरी दाणे दांडी दाबूनच मिळवले. आमच्या घरीही तेच. वाटीत चुरमुरे असताना मुगी नळी फाडत बसायची.

एका संध्याकाळी आई नळ्या भरत होती. मी म्हटलं, "बघ ना आई, समोर आयतं असताना कशाला एवढी मेहनत?" मान वर न करता ती म्हणाली, "अगं, मलाही इथे सगळं वाटीतच मिळतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला चटकन उत्तर सुचलं नाही. वाईला पहाटे उठून अंगण झाडणारी, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी, चाळीस वर्षं प्राथमिक शाळा चालवलेली ही बाई. तिला आम्ही मऊ गादी दिली, मराठी वाहिन्या लावून दिल्या, शनिवार-रविवार गाडीतून लेक एलिझाबेथवर आणि देवळात फिरवून आणलं. "तू काही करू नकोस, आराम कर," हे तर प्रेमाने दिवसातून चारदा. गाडी चालवता येत नाही, रस्ते ओळखीचे नाहीत, दुपारी सगळी गल्ली निर्मनुष्य. सोय करण्यात आम्ही कसर ठेवली नव्हती. फक्त तिने काय करायचं, एवढंच राहिलं होतं.

आईची तुलना उंदरांशी करते आहे असं कृपया समजू नका. ती तिनेच केली, आणि हसत केली. पण त्यातून मला एक गोष्ट उमगली. ज्याचं मोकळेपण आपल्या सोयीसाठी, हौसेसाठी किंवा प्रेमासाठी का होईना, आपण आखडून घेतो, त्याचे आपण देणेकरी होतो. नुसतं खाऊपिऊ घालून ते देणं फिटत नाही. त्याने स्वतः काहीतरी शोधावं, मिळवावं, निवडावं, हवं तर नाकारावं, एवढी जागा त्याला परत द्यावी लागते. खेळणं म्हणजे उपकार नव्हे, त्या देण्यातला एक हप्ता आहे. आणि झोळी कितीही सुरेख असली तरी पिंजऱ्याचं दार आमच्याच बाजूने उघडतं, हे विसरून चालणार नाही.

मग पाळूच नये का? लेकीने हा प्रश्न मला सरळ विचारला. शिकागो विद्यापीठातल्या 2011 सालच्या प्रयोगात मोकळ्या उंदरांनी नळीत अडकलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवलं आणि पुष्कळदा समोरचे चॉकलेटचे तुकडेही त्याच्यासाठी राखले, हे तिने वाचलं होतं. "मग आपण का नाही सोडत?" ती म्हणाली. पिंजऱ्यात जन्मलेल्या या दोघी बाहेर चार दिवसही टिकणार नाहीत, हे माझं उत्तर खरं आहे. पण ते पुरं नाही हेही मला कळतं. सध्या आम्ही एवढंच ठरवलंय, की आहेत त्यांना नीट सांभाळायचं, रोज संध्याकाळी तासभर खोलीत मोकळं सोडायचं, आणि यांच्यानंतर पुन्हा आणायचे की नाही हे तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवायचं.

आईसाठी आम्ही काय केलं? फार काही नाही. "आराम कर" म्हणणं बंद केलं. गणपतीच्या नैवेद्याचा सगळा ताबा तिला दिला. एकवीस मोदक, आणि मध्ये माझी लुडबुड नाही. शेजारच्या तीन मुलांना ती दुपारी बाराखडी शिकवू लागली. परत जाताना ती म्हणाली, "या खेपेला दिवस लवकर गेले." मागच्या खेपेला ते कसे गेले होते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मोदकातलं सारण गोड, म्हणून त्या दिवशी मुगी-मटकीला फक्त तांदळाच्या उकडीची इवलीशी गोळी मिळाली. तीही वाटीत नाही, कागदात गुंडाळून करवंटीखाली लपवलेली.

आता दर रविवारी वाईहून फोन येतो. "जेवलात का?" हा प्रश्न दुसरा. पहिला असतो, "आज कुठे लपवलंस?"

गणपती बाप्पा मोरया!