दावीदने न प्यालेले पाणी

शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात, तेविसाव्या अध्यायात, एक छोटासा प्रसंग आहे. प्रवचनांतून तो क्वचितच ऐकू येतो. दावीद अदुल्लामच्या गुहेत आहे. पलिष्ट्यांची छावणी रेफाईमच्या खोऱ्यात पडली आहे आणि दावीदचे जन्मगाव बेथलेहेम शत्रूच्या ताब्यात आहे. दिवस कापणीचे, म्हणजे उन्हाचे. दावीदला तहान लागते. आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी आणून पाजील तर किती बरे होईल, असे तो बोलून जातो. त्याचे तीन वीर ते ऐकतात, शत्रूची फळी फोडून बेथलेहेमला पोहोचतात, पाणी शेंदतात आणि ते घेऊन परततात. दावीद मात्र ते पाणी तोंडाला लावीत नाही. जी माणसे जिवावर उदार होऊन गेली त्यांचे हे रक्तच आहे, असे म्हणून तो ते परमेश्वरापुढे ओतून टाकतो.

या कथेत दावीदने कोणतीही आज्ञा केलेली नाही. त्याने फक्त इच्छा व्यक्त केली. तिघे स्वखुशीने गेले आणि सुखरूप परतले. कोणाचेही नुकसान झाले नाही. आजच्या हिशेबाने पाहिले तर दावीदने मनसोक्त पाणी प्यावे आणि त्या तिघांना बक्षीस द्यावे, एवढाच व्यवहार उरतो. तरीही त्याच्या विवेकबुद्धीने त्याला थांबवले. इच्छा माझी आणि धोका दुसऱ्याचा, अशी वाटणी जेथे होते तेथे इच्छा करणारा कितपत जबाबदार असतो, हा प्रश्न त्याला पडला. तोच प्रश्न आज आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

फोडणी टाकण्याच्या वेळी कोथिंबीर संपल्याचे लक्षात येते. आपण फोनच्या पडद्यावर बोट ठेवतो. थोड्याच वेळात दाराची घंटा वाजते आणि हेल्मेट घातलेला एक तरुण पिशवी हातात देऊन जिना उतरू लागतो. २०२१ पासून आपल्या मोठ्या शहरांत दहा मिनिटांत वाणसामान घरपोच देण्याची स्पर्धा सुरू झाली. झेप्टो, ब्लिंकिट, इन्स्टामार्ट ही नावे घराघरांत रुळली. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा ॲपवर व तत्सम सुट्या कामांवर उपजीविका करणाऱ्यांची संख्या २०२०–२१ साली सुमारे ७७ लाख होती असा अंदाज आहे. २०२९–३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असेही तो अहवाल सांगतो.

या तरुणांचे कामाचे ठिकाण कोणते? कारखान्याला भिंती असतात, यंत्राला जाळी असते, खाणीला निरीक्षक असतो. यांचा कारखाना म्हणजे रस्ता. आणि आपला रस्ता कसा आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. हे आकडे सर्व दुचाकीस्वारांचे आहेत, केवळ सामान पोहोचविणाऱ्यांचे नव्हेत. पण आपण ज्या रस्त्यावर अर्धा तास जातो त्याच रस्त्यावर हा तरुण दिवसाचे दहा-बारा तास असतो. पाठीवर ओझे, हँडलला लावलेल्या फोनवर अर्धी नजर, खाली जुलैतले खड्डे आणि वर मे महिन्यातले ऊन. पावसाचा जोर वाढला की आपण घराबाहेर पडत नाही. नेमक्या त्याच वेळी मागणी वाढते आणि त्याला जास्त पैशाचे आमिष दाखविले जाते. रस्ता सर्वांत घातकी असतो तेव्हाच त्याला रस्त्यावर खेचून आणणारी ही व्यवस्था आहे.

कंपन्यांचे म्हणणेही नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकता दिलेला निकाल हा न्याय नसतो. त्या म्हणतात, आमची जलद सेवा गाडीच्या वेगातून येत नाही, जवळपणातून येते. वस्तीवस्तीत आम्ही गोदामवजा दुकाने थाटली आहेत, सामान दोन-तीन मिनिटांत बांधले जाते, उरलेले अंतर थोडे असते. पोहोचविणाऱ्याला घाई करण्याचे कारणच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते अर्धेच तथ्य आहे. पगार महिन्याचा असता तर ते पूर्ण झाले असते. येथे मोबदला खेपेवर मिळतो आणि ठरावीक खेपा भरल्या तर वरकड रक्कम मिळते. मग घड्याळ भिंतीवर टांगण्याची गरज उरत नाही. ते त्याच्या खिशातच टिकटिकत राहते. लाल दिव्यापाशी थांबलेला प्रत्येक मिनिट त्याच्या मिळकतीतून वजा होतो. कोणी त्याला ‘पळ’ म्हणत नाही, पण सावकाश जाण्याची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागते.

हा अनुभव जगाला नवा नाही. डॉमिनोज या पिझ्झा कंपनीने अमेरिकेत तीस मिनिटांत घरपोच पिझ्झा देण्याची हमी दिली होती. १९८९ साली सेंट लुईस शहरात तिच्या एका चालकाने लाल दिवा ओलांडला आणि एक स्त्री जबर जखमी झाली. डिसेंबर १९९३ मध्ये ज्यूरीने साडेसात कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली आणि त्याच महिन्यात कंपनीने तेथील हमी मागे घेतली. दक्षिण कोरियात तरुण चालकांच्या मृत्यूंनंतर लोकांनी आवाज उठविला, तेव्हा २०११ साली तेथील हमीही गेली. आपल्याकडे डिसेंबर २०२५ च्या अखेरीस कामगारांनी संप केला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी चर्चा केल्यानंतर ब्लिंकिटने जाहिरातीतले दहा मिनिटांचे अभिवचन काढून टाकले. जाहिरातीतले शब्द बदलले, हे चांगलेच झाले. खेपेचा हिशेब बदलला की नाही, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. ‘या तरुणांना कोणी जबरदस्तीने आणलेले नाही. काम स्वखुशीचे आहे. परवडत नसेल तर त्यांनी सोडावे.’ दावीदचे तीन वीरही स्वखुशीनेच गेले होते, हे आपण पाहिले. पण त्यांची आणि यांची स्वखुशी एका जातीची नाही. ते आपल्या नायकावरच्या प्रेमापोटी गेले. हा घरभाड्यापोटी जातो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात हाच मुद्दा मजुरीच्या संदर्भात मांडला आहे. गरजेने किंवा अधिक वाईट संकटाच्या भीतीने कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो करार वरवर स्वेच्छेचा दिसला तरी कामगार बळजबरीचाच बळी असतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. गरजवंताला अक्कल नसते, असे आपली म्हण सांगते. खरे म्हणजे त्याला अक्कल असते, निवड नसते. याच लिओ तेराव्यांची आठवण जागवीत २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव धारण केले आणि नव्या तंत्रयुगातील श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘मी मालक नाही, मी केवळ गिऱ्हाईक आहे. गाडी मी चालवीत नाही, दर मी ठरवीत नाही. माझा संबंध काय?’ कॅथलिक नीतिशास्त्राने दुसऱ्याच्या कृत्यातील सहभागाचा बारकाईने विचार केला आहे. जो वाईट हेतूला संमती देतो त्याचा सहभाग एका प्रकारचा आणि जो हेतू मान्य न करता दुरून साधन पुरवितो त्याचा दुसऱ्या प्रकारचा. दोघांची जबाबदारी सारखी मानलेली नाही. कोथिंबीर मागविणारी गृहिणी कोणाच्या अपघाताची गुन्हेगार नव्हे. पण दुरून केलेला सहभाग क्षम्य ठरायला पुरेसे सबळ कारण असावे लागते, हेही तेच शास्त्र सांगते. आजाऱ्याचे औषध हे सबळ कारण आहे. भर पावसात मागविलेली चिप्सची पिशवी आहे काय?

१९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक संकल्पना मांडली. कामगाराशी करार करणारा तो प्रत्यक्ष मालक. पण त्या कराराच्या अटी ज्यांच्यामुळे ठरतात ते सर्व, म्हणजे प्रामुख्याने राज्यसंस्था आणि अवघी अर्थव्यवस्था, हे अप्रत्यक्ष मालक. पुढे २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘कारितास इन वेरिताते’मध्ये थेट ग्राहकाकडे बोट दाखविले. खरेदी ही केवळ आर्थिक कृती नसते, ती नैतिक कृतीही असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही विचार एकत्र ठेवले तर त्या तरुणाच्या अनेक मालकांपैकी एक लहानसा मालक आपल्या घरात राहतो, हे मान्य करावे लागते.

मालक म्हटला की कर्तव्य आले. अनुवाद या ग्रंथात बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा. नाहीतर कोणी तेथून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घराला लागेल. पडणारा स्वतः बेसावध असेल, कोणी त्याला ढकलले नसेल. तरीही कठडा न बांधल्याचा दोष घरधन्याचा. आपल्या सोयीसाठी ज्याने गच्ची उभारली, तिथून कोणी पडू नये याची काळजीही त्यानेच घ्यायची.

मग आजचा कठडा कोणता? पहिला कठडा कायद्याचा. आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, राज्य विमा योजनेचा १९४८ साली. पण या तरुणांना कामगार न म्हणता ‘भागीदार’ म्हटले गेले आणि त्या एका शब्दाने कठडा नाहीसा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना प्रथमच ओळख दिली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी अशी तरतूद केली. परंतु हे कामगार सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आहेत. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची जी वेगळी संहिता आहे, तिच्यात त्यांची व्याख्या नाही. पडल्यानंतर काय द्यावे याचा विचार सुरू झाला आहे, पडू नये म्हणून काय करावे याचा अजून व्हायचा आहे. खेपेऐवजी तासाचा मोबदला, मुसळधार पावसात व उन्हाच्या तडाख्यात काम थांबविण्याची मुभा, चांगले हेल्मेट, बसायला सावली, प्यायला पाणी आणि स्वच्छतागृह, या मागण्या अवास्तव नाहीत. वेळ पाळण्यासाठी जीव पणाला लावावा लागतो असेही नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून वेळ पाळीत आले आहेत. त्यांची वक्तशीरपणाची किल्ली रेल्वेच्या वेळापत्रकात, डबा हातोहात पुढे देण्याच्या शिस्तीत आणि मिळकत आपसांत वाटून घेण्याच्या रीतीत आहे.

दुसरा कठडा आपल्या उंबरठ्यावरचा. दावीदने पाणी ओतले म्हणून आपण मागणीच रद्द करावी काय? तसे केले तर त्या तरुणाची खेप बुडेल आणि आपल्या पुण्याची किंमत त्यालाच द्यावी लागेल. दावीदने आपल्या माणसांची सेवा झिडकारली नाही. त्यांच्या धोक्यावर आपली तहान भागविणे त्याने नाकारले. आपण ओतून टाकायची ती आपली घाई. आठवड्याची यादी एकदाच करून मागवावी. पाऊस कोसळत असताना जे थांबू शकते ते थांबवावे. उशीर झाला म्हणून तक्रार नोंदवू नये, कमी गुण देऊ नयेत, कारण त्या गुणांवर त्याचे पुढचे काम अवलंबून असते. आपल्या सोसायटीत सामान आणणाऱ्याला लिफ्ट वापरू नये असा फलक असेल, तर तो उतरविण्याचा ठराव मांडावा. दाराशी पाण्याचा पेला द्यावा. धर्मग्रामातील युवक संघटनेला आवारातील एखादी पडवी या मुलांना दुपारी टेकायला उघडी ठेवता येईल. त्यांतील काही मुले आपल्याच धर्मग्रामातली असतील.

हे विसरता कामा नये की घरपोच माल पोहोचविण्याचे काम आपल्या समाजाला परके नाही. वसईच्या कितीतरी आज्या-पणज्या डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात आणि उपनगरांतील माड्या चढून दारोदार भाजी विकत. त्या पैशांवर घरे उभी राहिली, मुले शिकली. जिना चढून आलेल्या त्या बाईला कोणी पाणी विचारी, कोणी दारातूनच हाकलून देई. तिची नातवंडे आज दाराच्या आतल्या बाजूला उभी आहेत.

शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला जे प्रश्न विचारणार आहे ते मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आधीच फुटलेले आहेत. त्यांत भुकेल्याचा, तहानेल्याचा, परक्याचा उल्लेख आहे. तेथे जे दोषी ठरले त्यांनी कोणाला मारले नव्हते, लुबाडले नव्हते. प्रभू आपल्या दारी आला होता हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. दाराची घंटा पुन्हा वाजेल तेव्हा पिशवी घेण्याआधी आपण त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे पाहणार आहोत काय?