वाट्याचे कागद

दिवेघाट चढून दिंडी सासवडला पोहोचली की वारकऱ्याला आधी पायांची आठवण होते. पुण्याहून निघालेली ती मजल वाटेवरच्या मोठ्या मजलांपैकी एक. मुक्कामाच्या ठिकाणी औषधोपचाराच्या तंबूपुढे रांग लागते. एका वर्षी त्या रांगेत मीही होतो. तळपायाचा फोड फुटून चिघळला होता. डॉक्टर खाली सतरंजीवर बसले होते. त्यांनी माझा चिखलाने भरलेला पाय मांडीवर घेतला, धुतला, औषध लावून पट्टी बांधली. उठताना आपल्या रीतीप्रमाणे मी त्यांच्या पाया पडलो, तर तेही तितक्याच सहजपणे माझ्या पाया पडले. मी म्हणालो, "माऊली." तेही म्हणाले, "माऊली." रांग पुढे सरकली.

त्या नमस्काराने मला समाधान वाटायला हवे होते. वाटली ती लाज. कारण चारच महिन्यांपूर्वी मी दुसऱ्या एका डॉक्टरांपुढे उभा होतो, तो नमस्कार करायला नव्हे.

माझा चुलतभाऊ छातीत दुखते म्हणून रात्री तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात दाखल झाला. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून सहाव्या दिवशी पहाटे गेला. बिल झाले 1,84,000 रुपये. त्याच्या मुलाने बैलजोडी विकून आणि उसनवारी करून निम्मे भरले होते. गावाहून आम्ही पंधरा-वीस माणसे गेलो. कोणीतरी म्हणाले, "मेलेला माणूस पैशासाठी यंत्रावर ठेवला होता." खरे-खोटे कोणालाच ठाऊक नव्हते. तरी ते वाक्य सर्वांनी उचलले, मीही उचलले. टेबलावरची काच फुटली. तिशीतले ते डॉक्टर हात जोडून उभे होते. मी त्यांना अरे-तुरे केले, बोलू नये ते बोललो. माझ्या गळ्यात माळ होती.

वारीत जो माऊली, तो दवाखान्यात वैरी का होतो? सासवडपासून पंढरपूरपर्यंत हा प्रश्न माझ्याबरोबर चालत होता.

एक उत्तर चटकन सुचते. वारीत मध्ये पैसा नसतो, दवाखान्यात असतो. पण वारीतले औषध तरी फुकट कुठे असते? ते शासनाने, एखाद्या संस्थेने, कोणा दात्याने विकत घेतलेले असते. खर्च झालेला असतोच, आपल्याला फक्त दिसत नाही. तेव्हा पैसा हा खरा प्रश्न नव्हे. ओझे कोणी उचलायचे, हा खरा प्रश्न आहे.

येथे जगद्गुरू तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग आठवावा. त्यांच्या घरात सावकारी होती. दुष्काळाने लोक नागवले गेले होते. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण परंपरा त्यापुढेही एक गोष्ट सांगते, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा तुकोबारायांनी आधी त्यांना देऊन टाकला आणि बुडवले ते फक्त आपल्या वाट्याचे कागद. वैराग्य इतके पराकोटीचे, तरी भावाचा एक कागदही त्यांनी पाण्यात टाकला नाही. त्याग आपल्या वाट्याचा करायचा असतो. दुसऱ्याच्या वाट्याचा केला तर तो त्याग राहत नाही, ती जबरदस्ती होते.

आता रुग्णालयात काय चालते ते पाहा. आपण म्हणतो, "डॉक्टर म्हणजे देव. त्याने सेवा करावी, पैसा बघू नये." ऐकायला हे भक्तीचे बोल वाटतात. प्रत्यक्षात आपण डॉक्टरांचे कागद आपल्या हाताने नदीत टाकत असतो. रात्रपाळीच्या परिचारिकांचे पगार, प्राणवायू, वीज, यंत्राचे हप्ते, शिक्षणाचे कर्ज, हे काही देवाला चुकवावे लागत नाही, माणसाला लागते. एकदा देव म्हटले की मरणही त्याने टाळलेच पाहिजे, आणि टळले नाही तर मूर्ती फोडायला आपण मोकळे! मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला झालेली मारहाण आणि त्यानंतर राज्यभर थांबलेले काम अनेकांना आठवत असेल. अशा हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तर 2010 पासून आहे. कायद्याने काचेची भरपाई मिळेल, खचलेले मन कसे भरून निघेल?

पण डॉक्टरांनाही या कथेत आपला वाटा ओळखावा लागेल. आपली फी हा त्यांचा हक्काचा कागद आहे. ती घ्यावी, गरिबाला सोडावी, तो त्यांचा विवेक. परंतु रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारे 'कट' हा त्यांचा कागदच नव्हे. तो रोग्याच्या ताटातला घास आहे. ही प्रथा रोखण्यासाठी राज्यात 2017 साली कायद्याचा मसुदा करावा लागला, यातच तिचे गांभीर्य कळते. रुग्णालयाने दर लावावेत, रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावावी, बिलासाठी मृतदेह अडवू नये, हे जानेवारी 2021 मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांत सांगितले आहे. जे मनाने व्हावे ते नियमाने सांगावे लागले. आणि दिवसातून दोनदा नातेवाइकांजवळ बसून "काय चालले आहे" हे सांगायला तर एक रुपयाही लागत नाही.

तिसरा वाटा आपल्या सर्वांचा आहे, आणि तोच आपण विसरतो. दिंडीत आपण निघण्यापूर्वी भिशी भरतो. मग वाटेत कोणी किती जेवला याचा हिशेब कोणी ठेवत नाही. एखादा आजारी पडला तर त्याला दिंडीच्या ट्रकमध्ये बसवतात. धडधाकट माणूस "मी ट्रकमध्ये बसलो नाही, माझे पैसे परत करा" असे म्हणत नाही. आजारपणाचा खर्चही असाच सर्वांनी आधी उचलायचा असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2013-14 मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चाचा सुमारे 64 टक्के भाग लोकांनी ऐनवेळी स्वतःच्या खिशातून भरला. 2021-22 मध्ये तो सुमारे 39 टक्क्यांवर आला. ओझे हलके झाले, पण शंभरातले एकोणचाळीस रुपये तेव्हाही दुखणेकऱ्याच्या घरातूनच गेले. बैल विकले जातात ते यासाठी.

आपल्या राज्यात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता पिवळी, केशरी, पांढरी अशा सर्व शिधापत्रिकांवर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्या रात्री आमच्यापैकी एकानेही हे विचारले नाही. पाच दिवस आम्ही विचारले नाही आणि सहाव्या दिवशी काच फोडली. योजनेचे दर परवडत नाहीत, पैसे वेळेवर येत नाहीत, अशी रुग्णालयांचीही तक्रार असते. भिशी गोळा करून आचाऱ्याला शिधाच दिला नाही, तर पंगत कशी उठणार? तो जाब शासनाला विचारायचा असतो, आचाऱ्याला नव्हे.

येथे कोणी शंका घेईल, "मग लुबाडणारा डॉक्टर भेटला तरी आम्ही टाळच वाजवत बसायचे का?" नाही. अन्याय सहन करा असे संतांनी कधी सांगितले नाही. तपशीलवार बिल मागावे, उपचाराचे कागद मागावेत, वैद्यक परिषदेकडे तक्रार करावी. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितले आहे. तो मार्ग मोकळा आहे. पण न्याय मागणे वेगळे आणि दुःखाच्या भरात समोरच्याचा बळी मागणे वेगळे. पहिल्याने रुग्णालय सुधारते, दुसऱ्याने ते घाबरते.

घाबरते म्हणजे काय होते, हे मला वारीनंतर कळले. प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का घेऊन मी त्या रुग्णालयात गेलो. पाय जड झाले होते. डॉक्टरांनी मला ओळखले आणि ते उठून उभे राहिले, आदराने नव्हे, सावध होऊन. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी माझे चुकले." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काका, चूक माझीही झाली. त्या पाच दिवसांत मी तुमच्यापैकी कोणाशी नीट बोललोच नाही." प्रसाद घेताना ते हळूच पुढे म्हणाले, "पण आता रात्री असा पेशंट आला, की मी दाखल करून घेत नाही. जिल्ह्याला पाठवतो."

जिल्ह्याचे गाव तिथून चाळीस किलोमीटर आहे.

मी फोडलेल्या त्या काचेची किंमत आम्ही भरून दिली होती. या चाळीस किलोमीटरांची किंमत कोण भरणार? ती भरणारा अजून आजारी पडलेला नाही. तो कदाचित माझ्याच दिंडीतला असेल, कदाचित मीच असेन.

म्हणून माऊलींनो, पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढताना आपापल्या वाट्याचे कागद तेवढे हातात घेऊ या. रोग्याने आपला राग, डॉक्टरांनी आपला लोभ आणि अबोला, समाजाने आपली कंजुषी इंद्रायणीत सोडावी. कान्होबांचे कागद कान्होबांपाशी राहू द्यावेत. सासवडच्या तंबूत एकमेकांपुढे वाकलेली ती दोन माणसे दवाखान्यातही तशीच भेटोत, एवढेच पांडुरंगाच्या चरणी मागणे.

रामकृष्ण हरी!