कोळ्याचा रंग आणि माणसाची किंमत

दहावीला उत्क्रांतीचा धडा शिकवताना आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना ‘फितरी इंतिखाब’, म्हणजे नैसर्गिक निवड, समजावून सांगावी लागते. मग वर्गातून प्रश्न येतोच : जो टिकतो, तोच श्रेष्ठ का?

हा प्रश्न वर्गापुरता नाही. दुबळे मागे पडणारच, तो निसर्गनियम आहे, असे म्हणून गरिबांच्या दुःखाकडे पाठ फिरवणारे समाजात पुष्कळ आहेत. ‘योग्यतमाचा टिकाव’ हे शब्द हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली वापरले. डार्विनने ते पुढे स्वीकारले. परंतु येथे योग्य म्हणजे थोर नव्हे. त्या जागी, त्या वेळी जुळणारा, एवढेच.

हवाई बेटांवरच्या जंगलात पानांच्या खाली एक इवलासा कोळी राहतो. काहींच्या पाठीवर हसऱ्या चेहऱ्यासारखी नक्षी असते, बहुतेक मात्र साधे पिवळे असतात. एकाच आईची पिले वेगवेगळ्या रंगांची निघू शकतात. शास्त्रज्ञांचा कयास असा, की पक्षी नेहमी दिसणारे रूप हेरून भक्ष्य शोधतात. त्यामुळे विरळ रंगाचा कोळी नजरेतून सुटतो. तो रंग वाढला, की त्याची ही सवलत संपते. म्हणून अनेक रंग नांदत राहतात.

याहून नवलाची गोष्ट अशी : माउई आणि हवाई या दोन बेटांवर जवळपास तेच रंग आढळतात, पण त्यांच्या आनुवंशिकतेची रीत निराळी आहे. हवाई बेटावर काही रंग नर आहे की मादी यावरही ठरतात. रंग सारखा म्हणून घडण सारखी, असे मुळीच नाही.

यावरून ‘निसर्गालाच विविधता प्रिय आहे’ असा सोयीचा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्याला होईल. अल्पसंख्याकांना तर तो अधिकच गोड वाटेल. पण तोही टाळला पाहिजे. पक्ष्याला कोळ्याबद्दल ना द्वेष, ना माया. उद्या त्याची शोधण्याची रीत बदलली, तर आज वाचणारा रंग उद्या मारला जाईल. आपला हक्क अशा आधारावर उभा करणे धोक्याचे आहे.

टिकणे ही घटना आहे, न्याय हा निर्णय आहे. निसर्ग घटना घडवतो. निर्णय माणसाला करावा लागतो. कोळ्याला पक्ष्याशी करार करता येत नाही. आपल्याला शेजाऱ्याशी करता येतो, आणि तो मोडला तर दोष निसर्गावर ढकलता येत नाही.