तारेसकट पक्षी

सोलापुरात पक्ष्यांची छायाचित्रे काढायला नान्नजच्या माळावर किंवा हिप्परग्याच्या तलावावरच गेले पाहिजे असे नाही. मार्च लागला की खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचे परळ ठेवावे आणि आत गप्प बसावे. बुलबुल येतो, होला येतो, चिमण्या तर हक्कानेच येतात. सातभाईंची टोळी भांडत येते आणि भांडतच निघून जाते. इथल्या उन्हात पाणी दिसले की पाखरे भीड थोडी बाजूला ठेवतात. बाहेर लख्ख ऊन आणि खोलीत अंधार असला की काचेचा बाहेरून आरसा होतो, आतला माणूस त्यांना दिसत नाही. विणीच्या दिवसांत नर शिंजीर त्याच आरशात आपला वैरी पाहतो आणि तासभर काचेवर चोच आपटत बसतो. इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी विसाव्या शतकाच्या तोंडाशी पक्षी टिपण्यासाठी पोकळ बैल तयार केला होता. त्याच्या पोटात शिरून ते कॅमेरा लावत. आपल्याला घरबसल्या लपण मिळते, तेही पंख्याखाली.

खिडकीचे तंत्र फार अवघड नाही. भिंग काचेला जवळजवळ टेकवायचे, भोवती काळे कापड गुंडाळायचे, खोलीतला दिवा मालवायचा. काचेशी काटकोन साधला तर चित्र स्वच्छ येते; तिरके धरले की कडा मऊ पडतात, आणि काच दुहेरी असेल तर पक्ष्याच्या शेजारी त्याचे भूतही उमटते. गजांची भीती नको. भिंग गजाला भिडवून छिद्र मोठे ठेवले तर गज चित्रात विरघळून जातो. डासांची जाळी मात्र सगळे चित्र फिकट करते, ती सरकवलेलीच बरी. आणि काच पुसायची, रोज पुसायची. सोलापूरची धूळ आहे ती.

खरी अडचण काचेच्या पलीकडे आहे. माळावर दोन पावले डावीकडे सरकले की पक्ष्यामागे नको असलेले झुडूप बाजूला जाते. खिडकी सरकत नाही. बुलबुल बसतो तिथेच बसणार आणि त्याच्यामागे शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी, डिशची छत्री, दोरीवर वाळणारी चादर आणि केबलच्या तारांचा गुंता असणार. पूर्वी माणूस चडफडत ते चित्र बाजूला ठेवत असे. आता फोनवर बोट फिरवले की तार जाते, आणखी एकदा फिरवले की टाकी जाते, आणि टाकीच्या जागी कुठल्याशा रानाची हिरवी झिलई येते. ‘मागचे फार डोळ्यांत येत होते हो, काढून टाकले,’ असे लोक सहज सांगतात. त्यांना त्यात काही गैर वाटत नाही. मला वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. छिद्र मोठे ठेवून मागचे धूसर करणे हेही खोडणेच नाही का? चौकट ठरवताना अर्धे जग आपण बाहेर ठेवतोच. मग भिंगाने केले ते कौशल्य आणि बोटाने केले ती लबाडी, हा कुठला न्याय?

माझा न्याय असा. धूसर झालेली टाकी काळा डाग होऊन का होईना, चित्रात उरते. पाहणाऱ्याला कळते की मागे काहीतरी होते, ते छायाचित्रकाराला दाखवायचे नव्हते. टाकीच्या जागी पाने रंगवली की चित्र जे नव्हते ते होते म्हणून सांगू लागते. हा बुलबुल झाडीत राहतो, असे ते सांगते. तो राहतो टाकीच्या पाइपाखाली. शहरातल्या पाखरांनी सिमेंटशी केलेली तडजोड हीच त्यांच्याविषयीची आजची सर्वांत मोठी बातमी आहे, आणि नेमकी तीच आपण पुसून टाकतो.

तारेचे प्रकरण तर याहून गंभीर आहे, आणि ते सोलापूरकरांना तरी सांगावे लागू नये. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे. गावे, शेते, रस्ते सगळेच त्यात आले, लोकांचा विरोध वाढला आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक त्याआधीच विरळ होत चालला होता. आज नान्नजच्या माळावर तो दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते. त्याच्या ऱ्हासाला शिकार, माळांची झालेली शेते अशी कारणे आहेतच. पण उरल्यासुरल्या पक्ष्यांना देशभर आज सर्वांत मोठा धोका आहे तो वीजवाहिन्यांचा. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते, उडताना त्याला चटकन वळता येत नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे समोरची बारीक तार त्याला फार उशिरा दिसते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकांच्या अधिवासातील वीजवाहिन्या जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो सैल केला, तो सगळा वाद या तारांचाच. आता कोणी माळढोकाच्या चित्रातली ‘नको असलेली’ तार पुसून, सोनेरी गवतावर डौलाने उभा असलेला पक्षी भिंतीवर लावला, तर त्याने काय काढून टाकले? पंचनाम्यातून हत्यारच वगळले.

आज निरुपयोगी वाटणारे मागचे तपशील उद्या कागदपत्र होतात, हा दुसरा मुद्दा. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडसर ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ती असावी की नसावी यावर शहर वर्षानुवर्षे भांडले. त्या भांडणात मी इथे पडत नाही. पण त्या बाजूला घारीचे चित्र काढताना ज्याने मागची चिमणी राहू दिली, त्याच्या चित्राला आता काळ चिकटला आहे. तारीख लिहिलेली नसली तरी हे चित्र २०२३च्या जूनआधीचे, असे कोणीही सांगेल. ज्याने चिमणी पुसली त्याच्याकडे एक घार आहे. घारी काय, सगळीकडे असतात.

खोडताना पक्षीही शाबूत राहत नाही, हे जरा जवळून पाहिले की दिसते. पक्ष्याची कड आखून मागचे कापताना यंत्राला सर्वांत आधी फसवते ती बुलबुलाची शेंडी. तिच्या विस्कटलेल्या टोकांमधून मागचे आभाळ डोकावत असते. यंत्र एक तर ती टोके छाटते, नाही तर आभाळाचा ठिपका पिसाला चिकटवून ठेवते. चोचीच्या मुळाशी असलेले केसासारखे ताठ रोम तर जातातच जातात. चित्रातला रवाळपणा काढून पिसे ‘स्पष्ट’ करणारी नवी साधने त्याहून धोक्याची: जिथे कॅमेऱ्याला काही दिसलेच नाही तिथे ती आपल्या अंदाजाने पिसे विणतात. बुलबुलाच्या बाबतीत हे खपून जाईल. पण वटवट्यांच्या दोन जाती भुवईच्या एका रेघेवरून वेगळ्या ओळखाव्या लागतात, तिथे ती रेघ पाखराची की यंत्राची, हे नंतर कोण सांगणार?

सालिम अलींच्या १९४१ सालच्या पक्षी ओळखण्याच्या पुस्तकातही पक्षी रंगवलेलेच आहेत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण रंगवलेले चित्र आपण रंगवलेले आहोत हे लपवत नाही. ओळख पटवण्यापुरते ते मोकळ्या कागदावर उभे असते. तसे करायचे असेल तर उघडपणे पांढऱ्यावर पक्षी लावा, मला काहीच म्हणायचे नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरासाठी, लेकीच्या वाढदिवसाच्या कार्डासाठी टाकी काढली तरीही कोणाचे बिघडत नाही. वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा उजेड, रंग, थोडी छाटणी एवढ्याला मुभा देतात, काही घालायला किंवा काढायला देत नाहीत. मला हीच सीमारेषा पटते, आणि ती खिडकीतल्या हौशी माणसालाही झेपणारी आहे. कारण टाकी आधी हटवण्याचे रस्ते त्याच्याकडे आहेतच: परळ दोन हात आपल्याकडे सरकवा म्हणजे पक्षी आणि टाकी यांतले अंतर वाढेल, एखादी वाळकी बाभळीची फांदी कुंडीत रोवा, शेजारणीला विचारून चादर तासभर उशिरा वाळत घाला. हे सगळे पक्ष्याच्या जगातच घडते, आणि पक्षीही त्याला साक्षी असतो.

सोलापूरचे मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. त्यांच्या लेखनात पक्षी एकटा येत नाही. त्याचे झाड, त्याचे पाणी, त्या भागातल्या लोकांनी त्याला दिलेले नाव, सगळे बरोबर येते. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून महाराष्ट्रात हे दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात आणि गावोगाव छायाचित्रांची प्रदर्शने लागतात. ती भरवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: चित्राबरोबर कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागून घ्या, मागचे काही काढले असेल तर चित्राखाली तसे छापा, आणि तारेसकट आलेला पक्षी केवळ तारेमुळे बाद करू नका.