‘वल्लाहु आलम’ आणि अधिक-उणे

सत्य बोलणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु जे आपण सत्य म्हणून सांगतो ते आपल्याला किती खात्रीने ठाऊक आहे, हेही सांगण्याची जबाबदारी आपल्यावर आहे काय? हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीमुळे पडला आणि त्याचे उत्तर शोधताना माझीच एक चूक मला कबूल करावी लागली.

गेल्या वर्षी एका जुम्म्याच्या बयानात मी चंद्र दुभंगल्याच्या मोजिजाविषयी बोलत होतो. मोबाईलवर आलेल्या एका छायाचित्राचा हवाला देऊन मी म्हणालो, “चंद्रावरील ती भेग आता विज्ञानानेही मान्य केली आहे.” श्रोत्यांतून ‘सुब्हानल्लाह’चे उद्गार उमटले. त्याच संध्याकाळी मोहल्ल्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन घरी आले. मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षात असून खगोलशास्त्राचा प्राथमिक, गणितप्रधान अभ्यासक्रम शिकत होती. वडिलांकडून तिने माझे बोलणे ऐकले होते.

“मौलाना, रागावणार नसाल तर एक सांगू?” ती म्हणाली. “ते छायाचित्र खरे आहे, पण अर्थ तसा नाही. ती रिमा एरियाडेयस नावाची दरी आहे, जमीन खचून झालेली. लांबी सुमारे 300 किलोमीटर. चंद्राचा परीघ जवळजवळ 10,900 किलोमीटर आहे. म्हणजे ती त्याचा छत्तिसावा हिस्सासुद्धा व्यापत नाही. आणि अशा दऱ्या चंद्रावर आणखीही आहेत.”

वडील ओशाळले. जाताना त्यांनी हळूच विचारले, “मौलाना, हे सारे शिकून मुलीचे ईमान तर कमकुवत होणार नाही ना?” मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. मी तिची वही वाचायला मागून घेतली.

वहीत एक गोष्ट पानोपानी दिसली. अंतर असो, वस्तुमान असो की वय, प्रत्येक उत्तरापुढे अधिक-उणे असे चिन्ह होते आणि त्यापुढे आणखी एक आकडा. आपले मोजमाप कितपत चुकलेले असू शकेल, हे तो आकडा सांगतो. तो लिहिला नाही तर त्यांचे शिक्षक उत्तर अपुरे मानतात.

वहीतील एका प्रकरणात देवयानी दीर्घिकेची हकिकत होती. इ.स. 964 च्या सुमारास अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी आपल्या तारकाग्रंथात तिची नोंद लहानशा ढगासारखा डाग अशी केली. जे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले, पुढचा तर्क केला नाही. 1912 साली हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवले की ‘सेफिड’ जातीचे तारे जितक्या सावकाश उजळतात आणि मंदावतात, तितके ते मुळात अधिक तेजस्वी असतात. खरे तेज कळले की, दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. 1923 मध्ये एडविन हबल यांना देवयानीत असा तारा सापडला आणि तिचे अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे निघाले. पुढे 1952 साली वाल्टर बाडे यांनी सांगितले की अशा ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत आणि आपण त्यांची गल्लत करत होतो. अंतर एकदम दुप्पट झाले. आज ते सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

यावर आपल्यातील काही जण म्हणतील, “पाहा, यांचे ज्ञान रोज बदलते, त्यावर काय विसंबायचे?” मीही पूर्वी असेच म्हणत असे. परंतु ते बदलते, कारण चूक उघडपणे मांडण्याची तेथे रीत आहे. आपल्या उलेमांचीही हीच रीत होती. फतवा लिहून झाला की शेवटी ते ‘वल्लाहु आलम’ लिहीत. अल्लाहच अधिक जाणतो, ही अखेरच्या ओळीची केवळ शोभा नव्हती. वहीचे शब्द माझ्यासाठी अंतिम आहेत, तेथे अधिक-उणे नाही. परंतु त्या शब्दांच्या समर्थनार्थ मी जे पुरावे जुळवतो ते माझे असतात, आणि तेथे ते चिन्ह लिहिणे मला बंधनकारक आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांचा जाब विचारला जाईल, अशी दिव्य कुरआनची ताकीद आहे. ऐकलेले सारे पुढे सांगत सुटणे हेही खोटेपणासाठी पुरेसे आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे.

प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. आजचे गणित त्या ग्रहणाची तारीख 27 जानेवारी 632 अशी सांगते. लोक म्हणू लागले, सूर्यही शोकाकुल झाला. प्रेषित (स.) गप्प राहिले असते तर लोकांची श्रद्धा अधिकच वाढली असती. परंतु पुत्रवियोगाच्या त्या घडीलाही त्यांनी लोकांना थांबवले आणि सांगितले की सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या जन्म-मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. धर्माच्या बाजूने बोलले गेलेले असत्यही त्यांनी स्वीकारले नाही. मी मात्र मिंबरजवळ उभा राहून तसेच एक असत्य सांगितले होते.

पुढच्या जुम्म्याला मी जमातीसमोर माझे विधान मागे घेतले. मोजिजावरील आपला विश्वास वही आणि प्रमाणित कथनांवर उभा आहे, एखाद्या दरीच्या छायाचित्राची त्याला गरज नाही, असे मी म्हणालो. काहींना ते रुचले नाही. एका वृद्ध चाचांनी तर विचारले, “मग आता आम्ही तुमच्या कोणत्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा?” प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “चाचा, जेथे मला खात्री नसेल तेथे मी तसे सांगेन. ते सांगितले नाही तर मला टोका.”

नमाजनंतर त्या मुलीच्या वडिलांना मी वही परत दिली आणि त्यांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तरही दिले. मुलीला शिकू द्या. त्या अभ्यासाने तिच्या ईमानाला धोका नाही. तिने त्याच अभ्यासातून तिच्या इमामाला एका असत्यापासून वाचवले आहे.

वल्लाहु आलम.